माजी सैनिकांची आरोग्य योजना आणि अखेरच्या काळातील शुश्रूषा : समन्वयाच्या प्रश्नाची चिकित्सा

प्रस्तावना

आजार बरा होण्याची शक्यता मावळली की वैद्यकाचे काम संपत नाही. त्याचे स्वरूप बदलते. वेदना शमविणे, श्वासाचा त्रास कमी करणे आणि रुग्णासह कुटुंबाला आधार देणे हे उपशामक सेवेचे कार्य होय. असा रुग्ण निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक असेल, तर त्याच्यापाशी शासनमान्य आरोग्यहक्क असतो. हा हक्क अखेरच्या काळात कितपत उपयोगी पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात काळेवाडी (पिंपरी-चिंचवड) परिसराच्या संदर्भात केला आहे.

योजनेची चौकट

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषधे, आणि तेथील संदर्भपत्रावर सैनिकी किंवा संलग्न खाजगी रुग्णालयात पुढील उपचार, असा तिचा सर्वसाधारण क्रम आहे. संलग्न रुग्णालयांची देयके मुख्यतः केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दरांवर आधारलेली असतात. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, डायलिसिस अशा मोजता येणाऱ्या उपचारांना ही रचना अनुकूल आहे. मोठ्या खर्चाच्या धास्तीतून तिने अनेक कुटुंबांना सोडविले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु मध्यरात्री वाढलेली वेदना, शय्याव्रणांची निगा किंवा आता पुन्हा भरती करावे की घरीच ठेवावे हा पेच दरपत्रकातील एखाद्या बाबीत बसविणे कठीण असते.

काळेवाडीचा संदर्भ

काळेवाडी ही पवनेकाठची, कारखान्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. जवान तुलनेने लवकर निवृत्त होतो आणि पुष्कळदा दुसरी नोकरी धरतो. त्यामुळे एकाच घरात ईसीएचएसचे कार्ड आणि कर्मचारी राज्य विमा योजनेचे ओळखपत्र असणे शक्य असते. विमा योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात, महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत आणि सैनिकी रुग्णालय खडकीला. कर्करुग्णांसाठी १९९७ पासून विनामूल्य काम करणारे सिप्ला उपशामक केंद्र वारजे येथे आहे.

उपशामक सेवेची मूळ अडचण संस्थांच्या टंचाईची आहे, असा आक्षेप घेता येईल. देशाच्या मोठ्या भागाबाबत तो खराही आहे. पुणे परिसरात मात्र दारे अनेक आहेत. एका दारातून दुसऱ्या दाराकडे रुग्णाला नेण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले नाही. मॉर्फिनचेच उदाहरण घ्यावे. २०१४ च्या कायदादुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांची प्रक्रिया सुलभ केली, तरी ते मान्यताप्राप्त संस्थेतूनच मिळते. संदर्भपत्र एकीकडे आणि औषध दुसरीकडे असेल, तर मधले अंतर रुग्णाची पत्नी किंवा मुलगाच कापतो. जी फाइल संस्थांनी एकमेकींकडे द्यावयाची, ती पिशवीत घालून कुटुंब हिंडते.

तुलनात्मक विचार

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत हॉस्पिसचा समावेश आहे. मेडिकेअरचा लाभही असल्यास खर्च कोणत्या योजनेतून व्हावा, हे निवडता येते. तेथेही दोन यंत्रणांत समन्वय साधावा लागतोच. म्हणजे केवळ दुहेरी हक्काने प्रश्न सुटत नाही. केरळने २००८ च्या धोरणात स्थानिक स्वराज्य संस्थांना गृहसेवेशी जोडले. तो धडा अधिक जवळचा आहे. दीर्घ शुश्रूषेची परंपरा सैन्यालाही परकी नाही. खडकीचे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून तेच काम करीत आहे. जखमी जवानाबाबत मान्य झालेले हे तत्त्व वृद्ध, मरणोन्मुख माजी सैनिकालाही लागू व्हावे.

निष्कर्ष

योजनेचा दोष उदारतेच्या अभावात नसून तिच्या मोजमापात आहे. ती उपचाराचा खर्च उचलते. रुग्णाची साथ कोणी करावी, हे सांगत नाही. यासाठी पॉलिक्लिनिकमधील एका वैद्यकावर किंवा परिचारिकेवर समन्वयाची नेमकी जबाबदारी सोपवावी, गृहभेटीला स्वतंत्र देय बाब मानावे आणि सर्व संस्थांना चालेल असे एकच उपचारपत्र रुग्णाच्या घरी असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आणि २०२३ मध्ये सुलभ केलेले वैद्यकीय पूर्वनिर्देशपत्र त्यालाच जोडता येईल. या गोष्टींना नव्या इमारती लागत नाहीत. तोवर माजी सैनिकाचा हक्क कार्डावर पूर्ण आणि घरात अपुरा राहील.