कथेवाचूनचे बालपण

एडमंड गॉस यांच्या ‘फादर अँड सन’ (१९०७) या आत्मकथनाची ख्याती पितापुत्रांच्या संघर्षामुळे झाली. परंतु त्याचे मर्म आईविषयीच्या पृष्ठांत आहे. प्लिमथ ब्रदरन पंथाच्या त्या घरात कल्पित गोष्ट सांगणे हे पाप मानले जाई. मुलाला धर्मग्रंथ मिळत, प्रवासवर्णने व सृष्टिशास्त्राची पुस्तकेही मिळत. पऱ्या तेवढ्या वर्ज्य! वस्तुतः लहानपणी आईलाच गोष्टी रचण्याचा विलक्षण नाद होता. एका शिक्षिकेने तो पापमय ठरविला आणि ती तो जन्मभर दडपीत राहिली. गॉस हे तिच्याच टिपणांच्या आधारे सांगतात. म्हणूनच त्यात आरोपाचा सूर येत नाही.

अडगळीच्या खोलीतील एका पेटीच्या झाकणाला आतून कुठल्याशा थरारक कादंबरीची पाने चिकटविलेली होती. मुलाने ती गुडघे टेकून वाचली आणि खरी हकीकत मानली. कल्पित म्हणजे काय, हेच त्याला ठाऊक नव्हते. सत्याच्या रक्षणार्थ घातलेल्या बंदीने सत्यासत्याचा विवेकच खुंटविला, हे या प्रसंगाइतके स्वच्छ क्वचितच कोणी दाखविले असेल.

त्याच साली प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी आत्मनिवेदनाशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. त्यांच्या घरीही संस्कृतेतर भाषा व लौकिक विद्या निषिद्ध होत्या. पण पुराणे होती, अर्थात कथा होती. गॉस यांना मात्र, जमेकाच्या आठवणीखातर वडिलांनीच ‘टॉम क्रिंगल्स लॉग’ हाती देईपर्यंत, थांबावे लागले.