पिंग : एका छोट्या आज्ञावलीचे परीक्षण

शाळेच्या संगणक कक्षात ‘इंटरनेट चालत नाही’ अशी ओरड झाली, की बहुधा सगळी यंत्रे बंद करून पुन्हा चालू केली जातात. बिघाड कधी जातो, कधी जात नाही. तो कुठे होता हे मात्र कळत नाही. हे शोधायला मदत करणारी आज्ञावली विंडोजमध्ये आयतीच असते : पिंग.

अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक म्यूस यांनी ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला नाव मिळाले. पिंग हा शब्द आणि पुढे पत्ता टंकायचा; पलीकडचा संगणक उत्तर देतो आणि जाण्यायेण्याचा वेळ मिलिसेकंदांत दिसतो.

क्रम महत्त्वाचा. आधी १२७.०.०.१, म्हणजे स्वतःचाच संगणक. मग कक्षातला राउटर. मग गूगलचा ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता. शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव. अंकी पत्त्याकडून उत्तर आले, पण नाव सापडत नाही असा संदेश आला, तर तारा तपासत बसू नये. नावावरून अंकी पत्ता शोधून देणारी सेवा बिघडली आहे.

इथवर स्तुती. पण विंडोजमधल्या पिंगचा हिशेब दिशाभूल करतो. समोरचे यंत्र बंद असले, तर ‘तिथवर पोहोचता येत नाही’ असे पुष्कळदा आपलाच संगणक कळवतो, आणि खालच्या गोषवाऱ्यात तेही ‘मिळालेले उत्तर’ म्हणून मोजले जाते! चार पाठवले, चार मिळाले, हानी शून्य टक्के. म्हणून बेरीज नव्हे, उत्तर देणाऱ्याचा पत्ता वाचावा.

मौनाचा अर्थही जपून लावावा. कित्येक ठिकाणी सुरक्षेसाठी पिंगला उत्तर देणेच बंद ठेवतात. संकेतस्थळ व्यवस्थित उघडते, पिंग मात्र रिकाम्या हाताने परतते. उत्तर आले तर वाट मोकळी आहे हे नक्की. न आल्यास तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

वेळेचा आकडा मात्र सहसा कोणी वाचत नाही, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदात २००. एखाद्या अमेरिकी संकेतस्थळाचे उत्तर ५ मिलिसेकंदांत आले, तर जाऊन-येऊन १,००० किलोमीटरच झाले. उत्तर देणारे यंत्र ५०० किलोमीटरच्या आत कुठेतरी आहे, अमेरिकेत नाही. नववीच्या वर्गाला हे गणित जरूर घालावे.