'पीपली लाइव्ह' : पाळत, राखण आणि विस्थापन

अनुषा रिझवी दिग्दर्शित 'पीपली लाइव्ह' हा हिंदी चित्रपट १३ ऑगस्ट २०१० रोजी प्रदर्शित झाला. शेतकरी-आत्महत्यांवरील भाष्य आणि वृत्तवाहिन्यांचा उपहास अशा दोन अंगांनी त्याची चर्चा झाली. मात्र त्याचा शेवट खेड्यात होत नाही, तसा वाहिनीच्या कार्यालयातही होत नाही. तो होतो दिल्लीलगतच्या गुडगावमधील (२०१६ पासून गुरुग्राम) एका बांधकामावर. या शेवटाच्या अनुरोधाने पाहिल्यास हा मूलतः विस्थापनाचा चित्रपट ठरतो, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

कर्जापायी जमीन जाऊ घातलेला नत्था, आत्महत्या केल्यास कुटुंबाला सरकारी मदत मिळेल या समजुतीने आणि थोरला भाऊ बुधिया याच्या आग्रहामुळे मरायला तयार होतो. राकेश हा स्थानिक वार्ताहर ती बातमी देतो आणि दिल्लीच्या वाहिन्या पीपलीत तळ ठोकतात. येथील विनोद प्रसंगनिष्ठ आहे. शासनाची मदत म्हणून 'लाल बहादूर' येतो, म्हणजे एक हातपंप. तो जमिनीत बसवण्याची सोय मात्र कोणी करत नाही. कॅमेरे नत्थाच्या विष्ठेपर्यंत पोहोचतात, त्याच्या कर्जापर्यंत पोहोचत नाहीत. स्वतः वृत्तवाहिनीत काम केलेल्या दिग्दर्शिकेने केलेले हे चित्रण आतल्या माहितीवर उभे आहे.

याच गावात होरी महातो माती खणून विकतो आणि आपणच खणलेल्या खड्ड्यात मरतो. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधील (१९३६) होरीचे स्मरण हे नाव करून देते; नत्थाच्या पत्नीचे नावही धनियाच आहे. होरीच्या मृत्यूची बातमी होत नाही. ती का होत नाही, हा प्रश्न एकटा राकेश विचारतो. पुढे आगीत तोच मरतो आणि त्याचा मृतदेह नत्थाचा समजला जातो. मृत्यू अपघाती ठरल्याने नत्थाच्या कुटुंबाला मदतही नाकारली जाते. प्रश्न विचारणाऱ्याच्या मृत्यूचीही बातमी होत नाही, हा या चित्रपटातील सर्वांत कठोर उपरोध होय.

येथे सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या मराठी चित्रपटाचा निर्देश आवश्यक ठरतो. विदर्भातील अलका, पती किसना जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने लहानग्या दिनूला त्याच्यामागे धाडते. दोन्ही चित्रपटांत शेतकऱ्यावर कोणाची तरी नजर आहे आणि त्या नजरेतूनच विनोद निर्माण होतो. मात्र दिनूची नजर राखण करते; वाहिन्यांची नजर पाळत ठेवते. पहिलीला माणूस जगायला हवा आहे, दुसरीला त्याच्या मरणाची वेळ हवी आहे.

या पाळतीतून सुटलेला नत्था गुडगावला येतो. १९९१ ते २००१ या दशकात ८० लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली, अशी नोंद चित्रपटाच्या अखेरीस येते. या माणसांना काय म्हणावे? १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासित ठरण्यासाठी छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडलेली असावी लागते. नत्थाने फक्त राज्याची सीमा ओलांडली आहे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी याच परिसरात लाजपतनगर, राजेंद्रनगर या वसाहती आणि फरिदाबादचे नवे नगर उभे राहिले. त्यांच्या हालांना सीमा नव्हती. पण निर्वासित म्हणून त्यांची नोंद होती. नत्थाची नोंद मृत अशी आहे, आणि तो इतरांसाठी इमारती बांधतो आहे.

चित्रपटाची मर्यादाही येथेच जाणवते. विस्थापिताचे जगणे जेथे सुरू होते, तेथे त्याचे कथन थांबते. मागे राहिलेल्या धनियाचे पुढे काय झाले, हेही प्रेक्षकाला कळत नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीत आनंदविहार बसस्थानकावर हजारो मजूर गावी परतण्यासाठी जमले, तेव्हा कॅमेरे पुन्हा त्यांच्याकडे वळले. शहर उभारताना न दिसलेली ही माणसे शहर सोडताना दिसली. 'पीपली लाइव्ह'ने हे दहा वर्षे आधीच सुचवले होते. वार्ताहराने कोठे पाहावे, यापेक्षा त्याने किती काळ पाहत राहावे, हा त्याने मागे ठेवलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे.