मावशी मावशीच निघाली

साहित्याची समीक्षा करायला एम.ए. व्हावं लागतं असा आपल्याकडे एक समज आहे. मी बी.कॉम. आहे. गेली बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज करतो आहे. त्यामुळे एखादं पुस्तक किंवा सिनेमा समोर आला की जाणकारांना त्यात रस, ध्वनी, अलंकार वगैरे दिसतात. मला आधी जमा-खर्च दिसतो. तीन तासांच्या सिनेमात एक दिवसही कामावर न गेलेला नायक सात कोट कुठून शिवतो, ही शंका मध्यंतराच्या आत मला येतेच. आमच्या सौ.च्या मते, माझ्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे ऑडिटरला शेजारी बसवून पंगतीत जेवणं.

तर वाचकहो, आजचं ऑडिट एकाच खात्याचं आहे. धुणं, भांडी, झाडलोट, फरशी करणाऱ्या माणसाचं खातं. आपल्या कीर्तनांत, कथांत, सिनेमांत ही माणसं भरपूर आहेत. त्यांची निष्ठा, त्यांचा प्रेमळपणा, त्यांचे अश्रू या सगळ्याच्या नोंदी चोख आहेत. एक रकाना मात्र सगळीकडे कोरा. पगाराचा. महिना किती, खाडा कापतात का, दिवाळीला काय, याचा पत्ता नाही. एवढ्या थोर मंडळींच्या हातून एकच रकाना सारखा कसा राहतो, याचा मी कसून तपास केला आणि मला कारण सापडलं. आपल्याकडे घरकाम करणारा माणूस शेवटी कुणीतरी दुसराच निघतो. मग पगार द्यायचा कुणाला?

सुरुवात आपल्या मराठवाड्यापासूनच करू. पैठणला एकनाथ महाराजांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षं राबला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तो गोदावरीचं पाणी कावडीने आणून रांजण भरायचा आणि पूजेचं गंध उगाळायचा. बारा वर्षांनी कळलं की हा तर साक्षात श्रीकृष्ण. कळलं तेव्हा तो गुप्त झालेला होता. भक्तिभावाने माझेही हात जुळतात. पण जुळलेल्या हातांनीसुद्धा मनातल्या मनात आकडेमोड चालूच राहते. बारा वर्षं म्हणजे १४४ महिने. हिशोब न घेता निघून गेलेला गडी आपल्याकडे देव ठरतो, आणि हिशोब मागणारा गडी माजलेला.

आता सिनेमा. १९६३ साली 'मोलकरीण' नावाचा मराठी चित्रपट आला. भूमिका सुलोचनाबाईंची. नाव वाचून वाटावं, चला, निदान इथे तरी मोलकरीण भेटेल. थिएटरातले हातरुमाल पिळून काढावे लागले असतील, हे कबूल. पण पडद्यावर पोराच्या घरी भांडी घासणारी ती बाई मोलकरीण नसतेच, ती त्याची आई असते. प्रेक्षक रडतो तो याच गोष्टीवर. पोटच्या पोराच्या घरी आईने भांडी घासावीत! बरोबर आहे, रडावं अशीच गोष्ट आहे. पण शेजारच्या घरी तीच भांडी दुसऱ्या कुणाची तरी आई घासत असते, तिच्यासाठी तिकीट काढून कुणी रडलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मग १९७२ चा 'बावर्ची'. शांतिनिवासात एकही नोकर टिकत नाही. तिथे राजेश खन्ना येतो, स्वयंपाक करतो, भांडणं मिटवतो, गाणी शिकवतो आणि वर पगार कमी मागतो! हे ऐकून त्या काळच्या गृहिणींनी केवढा सुस्कारा सोडला असेल. पण शेवटी तो निघतो प्राध्यापक. १९७५ च्या 'चुपके चुपके'मधला ड्रायव्हरही प्राध्यापकच, आणि तोसुद्धा वनस्पतिशास्त्राचा. हृषीकेश मुखर्जींचे हे दोन्ही सिनेमे एका आठवड्यात पाहिले तेव्हा मला आमच्या शाखेतल्या शिपायाचा संशय येऊ लागला. हा मुळात अर्थशास्त्राचा विभागप्रमुख असावा आणि आम्हाला सुधारायला आला असावा, असं वाटून दोन दिवस मीच त्याला चहा आणून दिला. तिसऱ्या दिवशी त्याने अ‍ॅडव्हान्स मागितला आणि खात्री पटली की शिपाईच आहे.

तात्पर्य, आपल्याला नोकर चालतो. मात्र तो देव, आई किंवा प्राध्यापक असला पाहिजे. नुसता नोकर असलेला नोकर आपल्या कलाकृतींना पचत नाही. कारण वेषांतर केलेल्या माणसाला पगाराची गरज नसते. त्याचं पोट दुसऱ्या खात्यावर चालतं.

या सगळ्या ढिगाऱ्यात मला एकच चोख नोंद सापडली, आणि तीही आपल्याच बाजूची. गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरी ती राबली आणि कामांची यादी तिने स्वतः दिली. दळण, कांडण, झाडणं, केर भरणं, पाणी, गोवऱ्या; एकही काम 'इतर किरकोळ' या सदरात ढकललेलं नाही. सही करताना आपला दासी हा हुद्दा ती विसरत नाही. आणि वेषांतराचं म्हणाल, तर इथे उलट आहे. जनी जनीच राहते. विठ्ठलच येऊन तिच्या जात्याला हात लावतो, केर भरतो. झाडूच्या बाजूने लिहिलेलं असं दुसरं वाङ्मय आपल्याकडे फार थोडं. पगाराचा रकाना तिथेही नाही. पण जिच्या हाताखाली खुद्द पांडुरंग बिनपगारी काम करतो, तिचं ऑडिट कोण करणार?

आता पुस्तकं मिटून जरा रेणापुरात येऊ. कुणी म्हणेल, समीक्षेत रेणापूर कशाला? तर, पडद्यावरचं ते वेषांतर आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेसातला चालतं, म्हणून. इथे मोलकरीण हा शब्द कुणी वापरत नाही. आमच्याकडे 'मावशी' येतात. शब्द गोड आहे, पण त्याचा जमा-खर्च बघा. नोकराला पगारवाढ द्यावी लागते, मावशीला दिवाळीत लुगडं दिलं की भागतं. नोकराची रजा असते, मावशीने मात्र रेणुकादेवीच्या नवरात्रात दोन दिवस दांडी मारली की, 'घरच्यासारखं मानलं, तरी असं वागावं!' म्हणून गल्ली हळहळते. 'घरच्यासारखी' या शब्दातला 'सारखी' फक्त पहिल्या तारखेला आठवतो.

आमच्या गल्लीचा दर असा: एक काम महिना ६०० रुपये. धुणं एक, भांडी दोन, झाडू-फरशी तीन. आमच्याकडे तिन्ही कामं, म्हणजे १८०० रुपये. रोजचे दोन तास, महिन्याचे दोन खाडे धरून ५६ तास. भागाकार केला तर तासाला ३२ रुपये १४ पैसे. कप फुटला तर तो वेगळा.

आता कायदा. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मंडळाकडे नोंदणी केली की कल्याणाच्या योजना लागू होतात. पण पगार किती असावा, हे त्या कायद्यातही नाही! साहित्यिकांना मी नावं ठेवत होतो. सरकारचाही रकाना कोराच. जिनिव्हात २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. मात्र करार अजून स्वीकारलेला नाही. बँकेच्या भाषेत, चेक लिहिला, तारीख घातली, सही तेवढी राहिली.

पगाराचा आकडा उघड छापलेला मला पहिल्यांदा दिसला तो एका जाहिरातीत. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस पाठवायची सेवा सुरू केली. दर, तासाला ४९ रुपये. नाव ठेवलं 'इन्स्टा मेड्स'. त्या नावावर आणि दरावर लोक तुटून पडले, तेव्हा नाव बदलून 'इन्स्टा हेल्प' केलं. म्हणजे इथेही वेषांतर आलंच! पण कंपनीला एक खुलासाही करावा लागला, आणि समीक्षक म्हणून मला तो सबंध जाहिरातीपेक्षा सरस वाटतो. काम करणाऱ्यांना तासाला १५० ते १८० रुपये मिळतात, आणि महिन्याला १३२ तास काम केल्यास किमान २०,००० रुपयांची हमी. ते खरोखर हातात किती पडतात, सवलतीचा भाव संपल्यावर काय होणार, हे प्रश्न आहेतच. पण रकाना भरला गेला, हे काय थोडं झालं?

हा भागाकार मी सौ.ला दाखवला. ती म्हणाली, "समीक्षा पुरे. मावशी मागच्या दारात कागद घेऊन उभ्या आहेत, त्यांचं बघा."

कागद मंडळाच्या नोंदणीचा होता. तिला मालकाचा दाखला हवा होता, ही बाई आमच्याकडे काम करते म्हणून. मावशीने गल्लीतली चार घरं आधी पालथी घातली होती. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "आम्ही कसले मालक? तुम्ही तर आमच्या घरच्या." दुसरीकडे सांगितलं, सही केली तर उद्या कोर्टकचेरी लागेल. तिसरीकडे चहा दिला. चौथीकडे, पुढच्या आठवड्यात या. सगळ्यांनी तिला प्रेमाने वागवलं. सही कुणी केली नाही. ज्या कागदावर 'मावशी' असा रकानाच नाही, तिथे त्यांचं नातं संपलं.

मी दाखला लिहिला आणि सही केली. शाई वाळेपर्यंत काहीतरी बोलावं म्हणून तिला श्रीखंड्याची गोष्ट सांगितली. तिला माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. कीर्तनं तीच जास्त ऐकते. म्हटलं, बघा मावशी, देवानेसुद्धा बारा वर्षं पाणी भरलं आणि एक पैसा घेतला नाही.

"देवाचं बरं असतंय की ओ सायेब," ती म्हणाली. "त्याला किराणा भराया लागत न्हाई."

पाण्याचं म्हणाल, तर २०१६ च्या उन्हाळ्यात, वीसेक किलोमीटरवरच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा, आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेत आमची घागर घेऊन हीच बाई उभी असायची. ते काम तीन कामांत नव्हतं. अकरा वर्षं ती आमच्याकडे येते आहे. ती गुप्त झाली नाही, तिने विश्वरूप दाखवलं नाही, कुठल्या कॉलेजातून तिला न्यायला कुणी आलं नाही. मावशी मावशीच निघाली. भाडं देणारी, गुडघे दुखणारी, नातीची फी भरणारी. अशा माणसावर सिनेमा निघत नाही. त्याला पगारच द्यावा लागतो.

आता पगार कसा ठरवतात, हे बँकेच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आमचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी हलतो. दर पाच वर्षांनी द्विपक्षीय करार होतो. बारावा करार ८ मार्च २०२४ ला, म्हणजे नेमका महिला दिनी झाला; वाढ १७ टक्के, आणि लागू १ नोव्हेंबर २०२२ पासून. त्याच धर्तीवर आमच्या स्वयंपाकघरात, फळीवरचा डबा बाजूला सारून, मावशी आणि सौ. यांच्यात करार झाला. एका कामाला ८०० रुपये. दरवर्षी गुढीपाडव्याला वाढ. महिन्याला चार सुट्या, त्यांचा पैसा कापायचा नाही. आजारपण वेगळं. पगार जनधन खात्यात, म्हणजे नोंद राहील. ते खातं काउंटरवर मीच उघडून दिलं होतं. मी वहीत कलमं लिहिली, दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या. मावशीने नाव सावकाश, पूर्ण लिहिलं.

मग तिने विचारलं, हे कवापासून?

सौ. म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून."

मावशीने नवा फ्रिज पुसायचा फडका हातात घेतला. तो फ्रिज आम्ही कराराची थकबाकी मिळाली तेव्हा घेतला होता. तिने दारावरचा डाग नीट पुसला आणि म्हणाली, "सायेबांचं तर मागच्या तारखंपासून आलं व्हतं की ओ वैनी."