वेड्या राघूचे शहाणपण

कामशेतजवळ इंद्रायणीच्या काठी मातीची एक दरड आहे. उन्हाळ्यात तिच्यात वेड्या राघूंची बिळे असतात, आणि शाळेला सुटी लागली की मी तिथे जाऊन बसतो. चोचीत चतुर धरून तारेवर बसलेला राघू माझ्यादेखत बिळात शिरत नाही, हे मी कैक वेळा पाहिले होते. पक्षी माणसाला भितो, यापलीकडे मी त्याचा विचार केला नव्हता. पुढे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दोन इंग्रजी शोधनिबंध आणून मला समजावून दिले, तेव्हा माझ्या पाहण्यातले उणेपण माझ्या ध्यानात आले.

त्या वेळी पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत असलेले मिलिंद वाटवे आणि त्यांचे सहकारी यांचे हे निबंध. पहिला १९९९ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला, दुसरा २००२ साली ‘ॲनिमल कॉग्निशन’मध्ये. दुसऱ्याचे मन जाणण्याची शक्ती प्राण्याला असते काय, हा प्रश्न प्रीमॅक आणि वुड्रफ यांनी १९७८ साली चिंपांझीविषयी विचारला होता. वाटवे यांनी तो आपल्याकडच्या एका चिमुकल्या पक्ष्याविषयी विचारला.

दुसऱ्या निबंधातला एक प्रयोग तर शाळेतल्या मुलालाही कळेल असा आहे. माणूस दोन जागी आळीपाळीने उभा राहतो. बिळापासूनचे अंतर तेच, आणि राघूला तो दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो. फरक इतकाच, की एका जागेवरून माणसाला बीळ दिसते, दुसरीवरून आडोशामुळे दिसत नाही. बीळ दिसत असताना पक्षी आत शिरण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी भरले. म्हणजे राघू केवळ माणसाला बिचकत नाही. त्या माणसाला काय दिसते आहे, याचाही हिशेब त्याच्या वागण्यात दिसतो.

कादंबरीकाराने हे वाचून थोडे खजील व्हावे. आमच्या कथांतला बैल धन्याचे दुःख ओळखतो, कुत्रा मेलेल्या मालकाची वाट पाहतो. जनावरांना मन देताना आम्ही हात आखडत नाही, कारण देताना आमचे काही खर्ची पडत नाही. इथे बाकी सारे सारखे ठेवून एकच गोष्ट बदललेली आहे, आणि जे दिले ते मोजून दिले आहे.

तथापि मला एक शंका वाटते. बिळातून बाहेर पडताना राघूला समोर जिथला माणूस दिसतो, ती जागा धोक्याची, अशी नुसती आठवण त्याने बाळगली असेल तर? मग माणसाच्या डोळ्यांनी पाहण्याची गरज उरत नाही. स्मरणशक्तीवर काम भागते. साध्या शक्तीने उलगडा होत असेल तर वरच्या शक्तीचा हवाला देऊ नये, असा दंडक लॉइड मॉर्गन यांनी १८९४ सालीच घालून दिला आहे. पण अशी आठवण तरी साधी कशी म्हणावी? तारेवर बसून बिळाच्या तोंडाशी दिसलेला देखावा मनात आणायचा, आणि घास चोचीत असताना थांबायचे. माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांना हे साधत नाही. मलाही नेहमी साधते असे नाही.

शिवाय निबंधांची नावे पाहावीत. पहिल्याच्या नावात वेड्या राघूला दुसऱ्याच्या मनाची जाण असते का, असा प्रश्न आहे. दुसऱ्याच्या नावात एवढेच म्हटले आहे, की शिकाऱ्याला काय दिसू शकते त्याप्रमाणे हा पक्षी वागतो. तीन वर्षांत काम वाढले आणि नावातला दावा लहान झाला. आम्हा लेखकांचे बहुधा उलट होते. या लेखनात मला सर्वांत आदरणीय वाटली ती ही गोष्ट.

माझी तक्रार एकच. हे सारे इंग्रजीत आहे, आणि ज्यांच्या शेताच्या बांधावर हा पक्षी बसतो त्या मावळातल्या मुलांपर्यंत ते पोचलेले नाही. म्हणून येत्या उन्हाळ्यात चार मुले घेऊन मी त्या दरडीशी जाणार आहे. एकदा उघड्यावर बसू, एकदा तितक्याच अंतरावर खडकाआड, आणि वहीत रेघा ओढू. राघूला वेडा कोणी म्हटले, हे मुले विचारतीलच.