ताटापाशी म्हटलेला श्लोक, आणि न म्हटलेला

जेवणाआधीच्या श्लोकांवर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा पचनाच्या अंगाने. त्यासाठी गीतेच्या पंधराव्या अध्यायातला चौदावा श्लोक पुढे करतात. तिथे वैश्वानर अग्नी चतुर्विध अन्न पचवतो, हे खरे. पण पचवणारा तो ‘मी’ कोण, हा त्या श्लोकाचा विषय. जठर निमित्तमात्र.

अनेक घरांत म्हणतात तो चौथ्या अध्यायातला चोविसावा. त्यात जेवणाचा उल्लेखच नाही. अर्पण, हवि, अग्नी, हवन करणारा, सारे ब्रह्मच, एवढेच तो सांगतो. परंपरेने त्याला ताटापाशी आणले, आणि मला ते समर्पक वाटते. घास ही आहुती ठरली की खाणाऱ्याचा ‘मी’ जरा मागे सरतो.

माझा आक्षेप निवडीवर आहे. अन्न आणि यज्ञ यांची थेट सांगड गीता तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात घालते: यज्ञशेष खाणारे पापातून सुटतात, स्वतःपुरते रांधणारे पापच खातात. पंगतीत हा श्लोक मी क्वचितच ऐकला. ज्ञानेश्वरीत अन्न साधारण न मानता ब्रह्मरूप जाणावे असे येते, ते याच श्लोकाच्या विवरणात, आपल्यापुरते रांधणाऱ्यांची कानउघाडणी करताना. आपण ब्रह्म तेवढे उचलले, कानउघाडणी सोडली!

वैश्वदेव, गोग्रास, अतिथीचे पान ही त्या श्लोकाचीच आचारातली रूपे. ती बहुतेक घरांतून गेली, पाठांतर राहिले. काही बालवाड्यांत डबा उघडण्याआधी मुलांकडून श्लोक म्हणवून घेतात. लगेच सूचना येते: आपापलाच डबा खायचा.