हवेत फिरवलेली तलवार

मागच्या वेळी आपण आंधळ्याच्या काठीपाशी थांबलो होतो. मेर्लो-पाँती म्हणतो, सरावलेल्या हातात काठी ही वेगळी वस्तू उरत नाही. माणूस काठी चाचपत नाही, काठीच्या टोकाने रस्ता चाचपतो. व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला गाठलं. म्हणाला, सर, मग हाताच्या हालचालीवर चालणारे व्हिडिओ गेम सगळ्यांत जास्त खपायला हवे होते. त्यातले कितीतरी पडून का राहिले?

आम्ही काही खेळणारे नव्हे. नातवंडांच्या घरी पाहिलेत, एकदोनदा हातही फिरवलाय. पण प्रश्न आम्हाला सोडेना.

नेहमीचं उत्तर असं, की यंत्र कच्चं होतं. हे अर्धंच खरं. निन्टेंडोचं वी आलं २००६ साली. त्याच्या रिमोटला हाताचा झटका कळायचा, पण हात नेमका कसा वळलाय ते नीट कळत नसे. तरी ते यंत्र दहा कोटींवर खपलं! कारण वी स्पोर्ट्समधलं टेनिस पाहा. खेळाडू पडद्यावर आपोआप धावतो, आपण फक्त वेळेवर हात फिरवायचा. हाताकडून मागणं थोडं, आणि पदरात पडायचं भरपूर. शिवाय जपानबाहेर बहुतेक ठिकाणी हा खेळ यंत्राच्या खोक्यातच मिळाला. पुष्कळ घरांची हौस तिथेच फिटली. पुढचा खेळ विकत का घ्यायचा, याला उत्तर लागतं.

ते उत्तर म्हणून तलवार आली. यूबीसॉफ्टचा रेड स्टील वीबरोबरच निघाला. कल्पना अशी, की तुमचा हात हीच तलवार. प्रत्यक्षात हात कसाही फिरवा, पडद्यावर ठरलेल्या चारदोन वारांपैकी एक व्हायचा. समीक्षकांनी झोडपला, पण आशेवर खपला. २०१० मध्ये दुसरा भाग आला, सुधारलेला, हाताचं वळण टिपणाऱ्या जादा जोडणीसह. तो चांगला होता, आणि त्यालाच गिऱ्हाईक कमी. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा खिशात हात घालत नाही, इतकं साधं आहे ते.

पण आमची शंका अजून खोलातली आहे. समजा टिपणं अगदी अचूक झालं. पडद्यावर शत्रूच्या ढालीवर तलवार आदळली, थांबली. तुमचा हात? तो तसाच पुढे गेला! विटीला दांडू नीट लागला की नाही हे डोळ्यांआधी मनगटाला कळतं. इथे मनगटाला काही म्हणजे काही कळत नाही. आंधळ्याच्या काठीला रस्ता उलट ढकलतो, म्हणून ती काठी नाहीशी होते. उलट ढकलणारं काही नसेल तर उरतो तो फक्त आपला हात, हवेत, आणि आपण जरा वेडे दिसतोय ही जाणीव.

याचा उत्तम नमुना स्टील बटालियन. २००२ साली हा खेळ आला तो एका अवाढव्य यंत्रासकट: चाळीसेक बटणं, दांडे, पायाखाली तीन पेडल. किंमत दोनशे डॉलरच्या घरात. एक बटण झाकणाखाली असे; रणगाडा पडायच्या आत ते दाबून बाहेर उडी नाही मारली, तर आजवर साठवलेला खेळ पुसला जायचा. लोकांनी हे सगळं प्रेमाने सोसलं, आजही त्याबद्दल भरभरून बोलतात. मग २०१२ मध्ये त्याचाच वारस आला किनेक्टसाठी. साधा कंट्रोलर हातात होताच, पण तरफा ओढायच्या, खिडकी बंद करायची, ती हवेत हात करून. कॅमेरा एक ओढा म्हटलं की दुसरंच ओढायचा. समीक्षकांनी त्याचा फडशा पाडला. आम्हाला मात्र चुकीच्या ओळखीपेक्षा हे महत्त्वाचं वाटतं, की चाळीस बटणं लोकांना अडचण वाटलीच नव्हती. सरावाने ती बोटांखाली विरून जात होती. जी भिंत नव्हतीच, ती पाडायला ही मंडळी निघाली होती.

किनेक्टची जाहिरात म्हणे, तुम्हीच कंट्रोलर. त्यासाठी पडद्यापासून सहा फूट, दोघे असतील तर आठ फूट मोकळी जागा हवी. घर तेवढं मोठं हवं, ते सोडा. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनबरोबर तो सक्तीने दिला, यंत्र ४९९ डॉलरचं झालं, प्रतिस्पर्धी ३९९ ला. वर्षभरात सक्ती गेली, २०१७ मध्ये उत्पादनही थांबलं.

मग डान्स सेंट्रल का चालला? नाचात कशावर आदळायचं नसतं. पायाखालची जमीन खरीच आहे, तोल खराच आहे, शरीरच शरीराला उत्तर देतं. आणि २०१९ चा रिंग फिट ॲडव्हेंचर, दीड कोटीच्या वर खपलेला? त्यात हातात एक लवचीक कडं देतात. दाबलं की ते तुम्हाला उलट दाबतं.

त्या श्रोत्याला आम्ही फोनवर एवढंच सांगितलं. तो म्हणाला, सर, कडं घरी आहे, खुंटीवर टांगलंय. आता पुढच्या वेळी सवयीबद्दल बोलावं लागणार, असं दिसतंय.